शिवणपाडा, ओढ्याच्या पलीकडे

१६ नोव्हेंबर १९८६, रविवार. सकाळी नऊपासून तुझं लोखंडी कपाट रिकामं करतेय.

मिलिंद किल्ली देऊन गेला. "कमलमावशी, आत्याच्या कागदांतलं मला काही कळत नाही. ठेवायचं ते तुम्ही ठेवा, बाकीचं रद्दीत द्या," म्हणाला. खोली महिनाअखेरीला घरमालकाच्या ताब्यात द्यायची आहे. तुझा भाचा भला आहे, पण त्याला रजा दोनच दिवसांची मिळाली होती, आणि कपाट उघडल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तसं ते माझंच होतं.

जमिनीवर तीन ढीग केलेत. शाळेचं, रद्दी आणि तुझं. तीन तास झाले, रद्दीचा ढीग चार बोटंसुद्धा उंच होत नाही. टाकण्यासारखा कागद हातात घेतला की त्याच्या पाठीवर तुझं अक्षर. बसच्या तिकिटावर: 'विहीर बुजवली, चिंच आहे.' वाण्याच्या पुडीवर: 'म्हातारा म्हणतो, मिठागर नव्हतं, भातच.' एका लग्नपत्रिकेच्या मागे अख्ख्या पाड्याचा वंशवेल. पत्रिकेतलं जोडपं कोण, हे मात्र तुलाही सांगता आलं नसतं.

कपाटाच्या तळाशी कपडे वाळत घालायची दोरी निघाली. तेहतीस फूट लांब, टोकाला लाल चिंधी. ती पाहिल्यावर मी हात धुतले आणि तुझ्याच स्टोव्हवर चहा टाकला. डब्यात साखर नव्हती. नेहमीसारखी.

बिनसाखरेचा चहा पीत हे लिहितेय. तुला जाऊन अकरा दिवस झाले. माझ्याकडे एक गोष्ट राहिली आहे, ती तुला सांगायची होती. पण आधी दोरीचं.

तुला ती नकाशांची खोड कधी लागली ते मला ठाऊक नाही. तू या बिल्डिंगीत राहायला आलीस तेव्हाच ती तुझ्या अंगात होती. तू अंधेरीच्या शाळेत भूगोल शिकवत होतीस, तिथल्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात तुला सात मुलांच्या नावापुढे एकच पत्ता दिसला: शिवणपाडा. तू शिपायाला विचारलंस, पोस्टमनला विचारलंस, पाववाल्याला विचारलंस. कुणाला माहीत नाही. सात मुलं रोज सकाळी ज्या ठिकाणाहून चालत शाळेत यायची, ते ठिकाण वीस-पंचवीस वर्षांत गायब. "सात पोरं म्हणजे दहा-बारा घरं तरी असतील ना गं?" असं तू मला जिन्यात थांबवून विचारलं होतंस. माझ्या हातात घासलेटचा डबा होता. मी म्हटलं, "असतील. मला डबा वर नेऊ दे."

पुढच्या रविवारी मी तुझ्याबरोबर हिंडत होते. कशी गेले ते अजून कळलेलं नाही. तू "चलतेस का?" असं कधी विचारत नसस. "घावणे जास्त कर, दुपार होईल," एवढंच म्हणायचीस.

विचारायची तुझी रीत मला पहिल्या दिवशी कळली. गावाचं नाव विचारायचं नाही, विहीर विचारायची. "नाव विसरतात, कमळे. पण पाणी भरलेली बाई विहीर विसरत नाही." ते खरं निघालं. साकीनाक्याच्या मागे, मुलुंडच्या डोंगराखाली, घाटकोपरच्या खाडीकडे, आपण विहिरी विचारत हिंडलो आणि लोकांनी आपल्याला पाडे दाखवले. आता तिथे गोदाम, इथे चाळ, तिथे नुसती भिंत. तू प्रत्येक ठिकाणी उभी राहून नाव मोठ्याने म्हणायचीस, हजेरी घेतल्यासारखं. मला लाज वाटायची. लोक बघायचे.

एकदा तर विहिरीवरच्या बायका आपल्याला पाहून धुणं टाकून आत पळाल्या. एक म्हातारी काठी घेऊन पुढे आली. "आमच्या सुनेला दोनच पोरं हायत. चला, निघा!" आपण कुटुंब नियोजनाच्या बाया आहोत अशी तिची खात्री होती. तुझ्या खांद्याला पिशवी, माझ्या हातात वही. तू शांतपणे म्हणालीस, "आजी, पोरं राहू दे, विहीर दाखवा." त्यावर तिला जास्तच संशय आला. शेवटी तिनेच आपल्याला ताक पाजलं आणि जाताना कानात विचारलं, "खरंच कायमचं बंद होतं का गं?" घरी येईपर्यंत आपण हसत होतो.

माझा तुझ्याशी कायमचा वाद एकच. मी म्हणायचे, "याचा कुणाला काय उपयोग? जमिनी गेल्या, घरं गेली, माणसं पांगली. तू नाव शोधून काढलंस, त्याने कुणाच्या ताटात काय पडणार?" तू म्हणायचीस, "काही नाही." एवढंच म्हणून गप्प बसायचीस, म्हणजे मला भांडताही यायचं नाही.

एकदाच तू उत्तर दिलंस. पवईच्या बाजूला एका कातळावर आपण डबे उघडले होते. तू म्हणालीस, "माझ्या बापाच्या गावचा नकाशा मी कॉलेजात असताना पाहिला. गावठाणाभोवती जाड रेष. रेष संपते तिथे आमची घरं सुरू होतात. कागदावर नुसतं पांढरं. मी सरांना विचारलं, आमची वस्ती कुठाय? ते म्हणाले, नकाशाचं प्रमाण लहान आहे, सगळंच दाखवता येत नाही." मग तू घावणा चटणीत बुडवलास. "पाटलाच्या घरामागची बारव दाखवली होती, कमळे."

त्यानंतर मी उपयोग विचारणं सोडून दिलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मी विचारतच राहिले. मात्र त्याच आठवड्यात, तुला नकाशे उतरवून देईन, असंही मीच म्हटलं.

कारण ते माझं काम. बावीस वर्षं मी विक्रोळीला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर आहे. इंजिनियर पेन्सिलने काढतात, आम्ही चार बायका ते पारदर्शक ट्रेसिंगवर शाईने उतरवतो. माझ्या हातची रेष बदलायला लागली असं बावीस वर्षांत फार तर तीनदा झालं असेल. हे मी तुला वरचेवर ऐकवत असे. तू "हो गं बाई" म्हणायचीस.

शिवणपाड्याचं कोडं सुटलं ते मुलुंडला. तोवर तू तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका झाली होतीस. पालकांच्या सभेला एका मुलीची आई आली नाही, पणजी आली. जानकीआजी. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, जीभ मात्र ताठ. बोलता बोलता ती म्हणाली, "आमी शिवणपाड्याच्या पोरी, आमाला कुनी शालेत घातलंच नाय." तू सभा अर्ध्यावर सोडलीस म्हणे. शिंदेबाईंनी पुढची सभा घेतली.

जानकीआजीने सांगितलं: चौदा घरं, एक विहीर, आणि ओढ्याच्या काठी गावदेवी. ती लहानपणी लग्न होऊन डोंगरापलीकडे मुलुंडला आली. बाप गेला तेव्हा शेवटची माहेरी गेली. मग जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, भाऊ कुठे कुठे निघून गेले. जावयाला घेऊन ती दोनदा शोधायला गेली होती. टेकड्या कापलेल्या, शेतं भरलेली, सगळीकडे भिंती. तिला काही ओळखता आलं नाही, आणि जावई म्हणाला, म्हातारीला भ्रम झालाय. माहेरच्या देवीची ओटी तिने चाळीस वर्षांत भरली नव्हती. तिला तेवढंच हवं होतं. मरायच्या आधी एकदा ओटी.

रजिस्टरात नाव होतं, जागा नव्हती. मग तुला सरकारी दफ्तरातल्या जुन्या मोजणीच्या नकाशात ओढ्याकाठी चौदा ठिपके, एक विहीर आणि एक देवस्थानाची खूण सापडली. जागा होती, नाव नव्हतं. म्हातारीने दोन्ही जोडून दिलं. तू त्या दिवशी माझ्या दारात आलीस तेव्हा तुझ्या केसांना खडूची पांढरी भुकटी होती आणि तू अक्षरशः नाचत होतीस. बावन्न वर्षांची बाई.

आता ते सांगते.

तो नकाशा कापडावर चिकटवलेला, कडा झडलेल्या. बाहेर नेता येत नाही. दफ्तरात शाईला मनाई, पेन्सिल तेवढी चालते. कारकुनाने जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. मी ट्रेसिंग पेपर घातला आणि भराभर रेषा घेतल्या: ओढा, वाट, रस्त्यावरची दगडी मोरी, चौदा ठिपके, विहीर, देवी. आकडे लिहायला वेळ नव्हता, ते वहीत टिपले. कागद गुंडाळला, घरी आले. जेवणं झाल्यावर टेबलावर उलगडला आणि शाई भरायला बसले.

आमच्या ऑफिसची एक रीत आहे. शाई कागदाच्या तोंडावर, पेन्सिल पाठीवर. म्हणजे पेन्सिल खोडली तरी शाईला धक्का लागत नाही. बावीस वर्षांत हाताला अशी सवय झालीय की कागदावर पेन्सिल दिसली की हात कागद उलटा करतो आणि मगच शाईचं पेन उचलतो. त्या संध्याकाळी हाताने तेच केलं. मला कळलंही नाही. पण दफ्तरात मी पेन्सिल तोंडावर चालवली होती, म्हणजे शाई पाठीवरून, उलट्या दिसणाऱ्या रेषांवर गेली. उत्तर वरच राहिली, पूर्व-पश्चिम तेवढी फिरली. मोरी बरोबर मध्यावर असल्याने तीही जागची हलली नाही. आकडे मी त्यानंतर घातले, सुवाच्य अक्षरात. उलटं आहे अशी शंका यायला काही जागाच उरली नाही.

तू म्हणालीस, "तुमच्या ऑफिसात कोपऱ्यात तो चौकोन असतो ना, तसा काढ." मी काढला. 'अनुरेखन', 'तपासले'. तू 'तपासले'पुढे झोकदार सही ठोकलीस. मी 'अनुरेखन'पुढची माझी जागा रिकामी ठेवली. म्हटलं, "असल्या हौसेच्या कामावर कसली सही?"

मग दोरीचा रविवार. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, म्हणून तू वाळत घालायची दोरी तेवढी कापलीस. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर आपण दोघी, मी मोरीपाशी एक टोक धरून, तू चिंधीचं टोक घेऊन पुढे. एका ट्रकवाल्याने विचारलं, "काय बाई, रस्ता विकत घेताय काय?" तू ओरडलीस, "परत घेतोय!" अकरा दोऱ्या वरच्या अंगाला, मग चार दोऱ्या पश्चिमेला. तिथे गोदामाच्या मागे मोकळा तुकडा होता, एक उंबर होता, शेजारी ओढा. नाला म्हणू, आता त्यात रंगाचं पाणी असतं. तू उंबराला टेकलीस. "इथंच," म्हणालीस.

आठ दिवसांनी जानकीआजीला रिक्षाने आणलं. नारळ तू घेतलास. छप्पन साली बापाबरोबर बौद्ध दीक्षा घेतलेली, देवळात पाय न टाकणारी तू. मी चिडवलं, "काय सुलूबाई, नारळ?" तू म्हणालीस, "तिची देवी आहे. माझी म्हातारी आहे."

आजी उंबराखाली उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "वढा या अंगाला कसा गो बाय?" तू लगेच म्हणालीस, "आजी, मागाहून वळवलाय. सगळं बदललंय ना." आजीने तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू घामाने निथळत होतीस आणि तुझा चेहरा असा फुलला होता की तुला नाही म्हणणं कुणाला जमलं नसतं. तिने पदर खोचला, उंबराच्या बुंध्याशी तांदूळ, खण, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि नमस्कार केला. डोळे पुसले. तूही पुसलेस. मी रिक्षा बघायला गेले.

सप्टेंबरात दुसऱ्या एका पाड्यासाठी मी पुन्हा दफ्तरात गेले, आणि कारकुनाने चुकून तोच नकाशा समोर टाकला. आपल्या कागदाप्रमाणे ओढा उजवीकडे वळला पाहिजे, तो इथे डावीकडे वळत होता. दोन मिनिटांत मला सगळं कळलं. मी तिथून तडक अंधेरीला गेले. मोरीपासून अकरा दोऱ्या वर, चार पूर्वेला. ओढ्याच्या पलीकडे औषधांच्या कारखान्याची दहा फुटी भिंत होती. मी भिंतीला हात लावून पाहिला आणि घरी आले.

तू गॅलरीत मेथी निवडत होतीस. मी म्हटलं, "सुले, ओढ्याची बाजू उलटी झाली. पाडा पूर्वेला होता."

तुझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मग तू कपाळावर हात मारलास. "अगं बाई! मी तपासलं ना तो! तीस वर्षं पोरांना दिशा शिकवतेय आणि मला पूर्व-पश्चिम कळली नाही! वाट लागली." आणि तू हसायला लागलीस. स्वतःला.

तिथे मी बोलायला हवं होतं. 'तुझी नाही, माझी चूक. मी कागद उलटा घातला.' एवढी दोन वाक्यं. तोंड उघडलंसुद्धा. पण तोवर तू पुढे गेली होतीस. "रविवारी आजीकडे जाऊ. सांगू तिला. पुन्हा आणू."

मी म्हटलं, "काही गरज नाही. तिची ओटी भरून झाली, रडून झालं, समाधान झालं. आता तिला आणून दाखवणार काय, भिंत?"

"भिंत तर भिंत. देवी तिकडे, ओटी इकडे. हे कसं चालेल?"

"तू कधीपासून देवी मानायला लागलीस?"

"मी मानत नाही गं. ती मानते. चुकीच्या जागी बसवून आलो आपण तिला. ती मरेपर्यंत समजणार, शिवणपाडा गोदामाच्या मागे होता."

"मग समजू दे!"

मी इतक्या जोरात का ओरडले, ते तुला कळलं नाही. तुला वाटलं मला म्हातारीची दया येतेय. आजीला सांगायला गेलो की चूक कशी झाली हे सांगावं लागलं असतं, आणि तीनदाच रेष बदलायला लागलेली बाई कागद पालथा घालते हे बाहेर आलं असतं. बस्स, एवढंच होतं. दया वगैरे काही नाही. त्यानंतर प्रत्येक रविवारी तू म्हणायचीस, "जाऊ या का?" आणि मी काहीतरी काम काढायचे. एकदा तर मी गाद्या उन्हात घातल्या. भर पावसाळी हवेत.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर जिन्यात तू छातीला हात लावून खाली बसलीस. हॉस्पिटलात दोन दिवस. पहिल्या दिवशी तू शुद्धीवर होतीस. मी शेजारी बसून मोसंबी सोलली, नर्सशी भांडले, तुझी चादर बदलून घेतली. बोलले नाही. म्हटलं, घरी आली की सांगू.

परवा शुक्रवारी विहारात पुण्यानुमोदन झालं. खूप माणसं आली होती, सुले. चपला रस्त्यापर्यंत. शिंदेबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी तुझ्या शिस्तीचं सांगितलं, गणवेश शिवून दिलेल्या मुलींचं सांगितलं, आणि मग हसत म्हणाल्या, "भूगोलाच्या आमच्या बाई, पण एकदा चक्क पूर्व-पश्चिम उलटी केली! आणि दडवलं नाही. चौथीच्या वर्गात स्वतः सांगितलं, मुलांनो, माझ्यामुळे एक गाव नदी ओलांडून पलीकडे गेलं. चूक झाली की मोठ्याने सांगायची." सगळे डोळे पुसत हसले. किती प्रेमाने हसले. मी तिसऱ्या सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि तोंडात मूग होते.

म्हणजे आता तुझी आठवण निघाली की लोक ही गोष्ट सांगणार. तुझी नसलेली चूक. मी ती तुझ्या नावावर केली आणि तू ती वर्गात नेऊन पोरांना शिकवलीस.

आत्ता तो कागद माझ्यापुढे आहे. 'तुझं' या ढिगात सगळ्यांत वर. मी तो पाठीपोटी नीट पाहिला. बसच्या तिकिटावर लिहिणारी तू, या कागदाच्या पाठीवर मात्र एक अक्षर नाही. तुला कळलं होतं का? तू कागद उजेडापुढे धरून पाहिला असशील आणि गप्प राहिली असशील, हे तुझ्या बाबतीत अशक्य नाही. तसं असेल तर ते मला जास्त लागेल. नसेल तर नसेल. आता कुणाला विचारू?

मी तो कागद टेबलावर पालथा केला. ओढा बरोबर वळला. चौदा घरं पूर्वेला गेली. आकडे उलटे दिसत होते, बाकी सगळं जागच्या जागी. एवढीच चूक होती. उलटा करायला एक क्षण लागतो. मी दोन महिने घेतले.

कोपऱ्यातला चौकोनही उलटा झाला होता. तुझी सही आरशातल्यासारखी दिसत होती. माझी जागा दोन्ही बाजूंनी रिकामीच.

रात्र झाली. ढीग तसेच ठेवून दिवा मालवतेय. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकते.

सोमवार. हे ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

सातला मुलुंडला पोचले. जानकीआजी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने माझ्या मागे बघितलं. "दुसऱ्या बाय कुठं?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेला सुट्टी, पणती गावी. मी एका कामासाठी गेले होते आणि आधी दुसरंच सांगावं लागलं. मी सरळ सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी शेजारी बसले. मग उरलेले तांदूळ मीच निवडले. हाताला काहीतरी हवं होतं.

नंतर नकाशाचं सांगितलं. "आजी, आपण गेलो ती जागा चुकीची. पाडा ओढ्याच्या पलीकडे. चूक माझी आहे. सुलूबाईंची नाही. कागद मी उलटा घातला." बोलून टाकल्यावर लक्षात आलं, ओट्यावरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. ऐकू देत.

आजी म्हणाली, "वढ्याचा मना तवाच खटकला. आमच्या देवीच्या समोर सूर्य मावळायचा पान्यात. तिथं पानी मागं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाय एवढ्या खुशीत व्हत्या." तिने डोळे पुसले. "मी म्हनलं, देवी काय लांब हाय? वढाच वलांडायचा तिला."

मग ती उठली, आत जाऊन खण घेऊन आली आणि चपला शोधायला लागली. मी म्हटलं, "आज?" तर म्हणे, "मंग कवा?"

नारळ या वेळी मी घेतला.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता. मिशीवाला, सातारकडचा असावा. मी सांगितलं, यांच्या माहेरची देवी तुमच्या आत असेल, ओढ्याच्या बाजूला, असली तर. तो हसेल असं मला वाटलं होतं. पण म्हणाला, "बॉयलरच्या मागं आहे ना एक पाषाण. शेंदूर आम्हीच लावतो. पॅकिंगच्या बायका मंगळवारी पाणी घालतात. नाव कुणाला माहीत नाही." मग त्याने मोठं रजिस्टर पुढे सरकवलं. "पण लिहिल्याशिवाय सोडता येत नाही, ताई. साहेब बघतात."

रकाने होते. नाव, कुठून आले, कोणास भेटायचे, काम, सही. आजीचं नाव लिहिलं. खाली माझं. 'कोणास भेटायचे' इथे 'गावदेवी' लिहिलं. 'काम' इथे 'ओटी'. वॉचमन मान तिरकी करून वाचत होता. 'कुठून आले' इथे मी मुलुंड लिहिणार होते. आजीने माझं मनगट धरलं.

"मुलुंड कशाला? शिवणपाडा लिव."

मी लिहिलं. ऑफिसातल्या अक्षरात, सुटं सुटं, न गिचमिडता. त्या शाळेच्या रजिस्टरानंतर हे नाव पहिल्यांदाच कुठल्या रजिस्टरात लिहिलं जात होतं.

वॉचमनने बोट ठेवलं. "हे कुठं आलं?"

आजी म्हणाली, "तू हुबा हायस तितं."

त्याने खरोखर एकदा पायांकडे पाहिलं आणि रजिस्टर पुन्हा माझ्याकडे केलं. "ताई, सही राहिली."

मी सही केली. पूर्ण नावाने.